गेटवरच्या कामाचं शिक्षण

अण्णा, आज एक मुलगी मला भेटायला आली होती. बारावी झालेली, संगमनेरजवळच्या खेड्यातली. मी ज्या हॉस्पिटलात सिक्युरिटी ऑफिसर आहे, तिथं तिची आई दाखल आहे. "मॅडम, तुमच्यासारखं व्हायला काय शिकावं लागतं?" असं विचारत होती. मी म्हटलं, नुसतं सर्टिफिकेट देतात तिथं जाऊ नकोस. रोज पळवतात, आग विझवायला लावतात, तिथं जा. ती गेली आणि मी केबिनमध्ये डबा उघडून बसले. दिवसभर माणसं माझ्यासमोरून जातात, पण बोलायचं म्हटलं तर कुणी नाही. तुमची फार आठवण झाली. असा प्रश्न मी तुम्हाला कधी विचारलाच नव्हता. सगळं आधीच ठरवून टाकलं होतं.

पोलीस भरतीत दुसऱ्यांदा उंचीत बाद झाले, तेव्हाची गोष्ट. बेलापूरला घरी आले तर तुम्ही भाकरी थापत होता. आई गेल्यापासून स्वयंपाक तुमच्याकडेच. साखर कारखान्याच्या गेटवरून यायचं आणि खाकी शर्ट न काढताच चुलीपुढं बसायचं. मी दारातूनच म्हणते, "अण्णा, मी सिक्युरिटीचं ट्रेनिंग करनार हाय. नगरला." तुमचा हात परातीत थांबतो.

"वॉचमन व्हायचंय तुला? इतकी वर्सं गेटवर हुबा हाय मी. सायबाची गाडी आली की सलाम, गेली की सलाम. माझं नाव बी कुनाला ठाव न्हाई. मास्तरीन हो म्हनलं हुतं तुला."

"तुमाला कुनी शिकवलंच न्हाई, अण्णा. काठी दिली आन् हुबं केलं. मी शिकून हुबी ऱ्हाईन."

तव्यावरची भाकरी करपली. ती तुम्ही स्वतःच्या ताटात घेतली, मला दुसरी वाढली आणि म्हणालात, "जा. पन मी न्हाई येनार तिकडं."

तिथं आम्ही तिघीच मुली. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार होते. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही, बाईची पर्स तपासण्याआधी तिला विचारायचं, रिपोर्टात दिसलं तेवढंच लिहायचं. वहीत हे उतरवताना दर वेळी वाटायचं, तुम्हाला यातलं कुणी काहीच कसं सांगितलं नाही?

शेवटच्या दिवशी परेड होती, घरच्यांना बोलावलं होतं. तुम्ही न सांगता एसटीनं आलात, तोच खाकी शर्ट इस्त्री करून. गेटवर आमच्याच बॅचचा एकजण यादी घेऊन उभा होता. यादीत तुमचं नाव नव्हतं. परेड आटोपून मी बाहेर आले तेव्हा तुम्ही रस्त्यापलीकडं लिंबाखाली बसला होता, सकाळपासून. मला बघून उठलात, पँट झटकलीत.

"पोरगं चांगलं हाय," म्हणालात. "आवाज न्हाई चढवला. काका, यादीत नाव न्हाई, सोडता येत न्हाई म्हनलं. पानी बी आनून दिलं. बराबर केलं त्यानं. तुमाला ह्येच शिकवलं व्हय? लई बरं शिकवलं."

"ऑफिसवाल्यांची चूक झाली, अण्णा," मी म्हणाले. तुम्ही मान हलवलीत, आणि आम्ही स्टँडकडं चालू लागलो. त्याच वर्षी हिवाळ्यात तुम्ही गेलात.

हे पत्र मी कुठं पाठवणार? पण लिहायचं ते लिहितेच. ऑफिसची चूक नव्हती. यादीचा कागद आधी आमच्याच हातात दिला होता, घरून कोण येणार आणि ते काय काम करतात ते भरायला. तुम्ही येणार नाही म्हणाला होतात, पण याल असं मला वाटत होतं. त्या दोघी मुली शेजारी बसल्या होत्या. वडील काय करतात हे त्यांना कळू नये, म्हणून मी ती ओळ कोरी सोडली.