कागलची जोडणी

मंगळवार, ३ जून

झालं! सर्व्हरचीही वाटणी झाली. आपल्या गप्पा परक्या कंपनीकडे नकोत म्हणून मी घरचाच सर्व्हर इथं कळंब्यात माळ्यावर बसवला, सगळी भाऊकी त्यावर आणली. आज थोरले दीर हंबीररावदादा कागलहून म्हणाले, "आमचं बोलणं तुमच्या माळ्यावर का म्हणून साठवायचं?" जावयाकडून त्यांनी स्वतःचा बसवून घेतलाय.

मी समजावलं — तुमची खाती तुमच्या सर्व्हरवर, आमची आमच्या. दोन्ही जोडले की गप्पांचा ग्रुप एकच.

"म्हंजे वेगळं बी झालो आन एकत्र बी हाय?"

"व्हय."

"मग शेताचं असं का न्हाय केलं?"



रविवार, ८ जून

दादांनी आज ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं — "उदयसिंह बायकोच्या सर्व्हरवर घरजावई हाय." आमचे हे लालबुंद! "तोड ते कागल!"

एकट्या दादांचं खातं बंद करता आलं असतं. पण त्यांची तीन आहेत, त्यातलं एक नुसतं म्हशींच्या फोटोंसाठी. मी अख्खा कागलचा सर्व्हरच अडवला. ग्रुपचे अकरा नियम मीच लिहिलेत. कारवाईआधी समज द्यावी, हा चौथा. कुणी वाचलेले नाहीत, ते एक बरं.

सोमवार, ९ जून

शांतता. एकही म्हैस नाही.

गुरुवार, १२ जून

उदयसिंह सकाळी सातपासून फोन बघत बसतात. आत्या — माझ्या सासूबाई — रोज सातला स्वतःच्या आवाजात निरोप पाठवतात: "न्याहारी केलीस काय रं?" चार दिवस आलेला नाही.

"म्हातारी बी त्याच्याच बाजूची," म्हणाले.

"फोन करा की."

"मी का पयला?"

कॉलेजात तास घेताना, फळ्यापाशी, एकदम लक्षात आलं — आत्या राहतात कागलला. त्यांचं खातं त्याच सर्व्हरवर! तिकडं त्यांना निरोप गेलेला दिसत असणार. इकडं मीच तो घेत नाहीये. आणि मी पोरांना संगणक शिकवते!

शुक्रवार, १३ जून

अजून कागल उघडलेलं नाही. का? चूक कबूल करावी लागेल म्हणून. पण तेवढंच नाही. निरोपाचा उरलेला भाग माझ्यासाठी असतो — "तिला म्हणावं, पोराला पाव घालू नगं, भाकरी करत जा." पोरगं म्हणजे सत्तेचाळीस वर्षांचे उदयसिंह. पाच दिवस हे ऐकलं नाही. बरं वाटलं.

काय माणूस आहे मी!

शनिवार, १४ जून

"आईला बरं नसंल काय गं?" त्यांनी ताट तसंच ठेवून विचारलं. "तसं काही नसेल," मी म्हणाले. माहीत नसताना.

रविवार, १५ जून

पहाटेच कागल उघडलं. उदयसिंहांना सगळं सांगितलं. ते फोन समोर ठेवून सातची वाट बघत बसले. सात वाजले. निरोप नाही. आठ वाजले. नाही. शेवटी मीच कागलला फोन लावला. आत्यांनीच उचलला. मी कबूल केलं. रडलेही.

"गप गं. तू काय बंद करतीस! गेल्या रविवारी मीच नातजावयाला सांगून तुमचा सर्व्हर आमच्याकडनं बंद करायला लावलाय. त्या निरोपावर भागतंय, मग पोरगं बघायला कशाला येतंय? म्हटलं, निरोप थांबला की येईल. आठ दिस झालं."

फोन स्पीकरवर होता. उदयसिंह समोरच बसले होते.