विशाखाच्या सायकलची चकती

८ जानेवारी २०२५, बुधवार
विशाखाच्या सायकलची चेन आज पुन्हा निसटली. सायकल माझीच, वीस वर्षं जुनी. आता लेक तिच्यावर कॉलेजला जाते. पायडलजवळच्या तीन चकत्यांपैकी मधलीचे दाते पार झिजलेत. छावणीतल्या सांडूमिस्त्रीला दाखवली. म्हणाला, "साहेब, नुसते दाते मोजून चकती घ्यायची नाय. बोल्टच्या भोकांमधलं अंतर जुळाया पायजे. मी माप घिऊन मागवतो."
"माप घेणं माझं रोजचं काम आहे, मिस्त्री," मी म्हणालो. गिऱ्हाईकं ऐकत होती.
वाळूजच्या कंपनीत अठरा वर्षं क्वालिटीला आहे. खोटं नव्हतं ते.

११, शनिवार
ऑनलाइन मागवलेली चकती आली. बत्तीस दाते, चार भोकं, फोटोत अगदी तशीच — आणि बसेना! प्रत्येक भोक एक मिलिमीटर बाहेर. माप घेतलंच नव्हतं मी. कंपनीत याहून कमी फरकासाठी माल परत पाठवतो.

१२, रविवार
निशा आणि विशाखा सिल्लोडला गेल्यात, माझ्या मेहुणीकडं. घरी कुणी नाही. कानशीनं भोकं लांबट केली. बसली.

१४, मंगळवार
विशाखा पडली. चढावर जोर लावला, चकती सरकली, चेन सुटली. उजवं मनगट मोडलं. मागून रिक्षा येत होती. रिक्षावाल्यानं वेळेवर ब्रेक मारला, नाहीतर — पुढचं लिहवत नाही.
दवाखान्यात निशानं विचारलं, "चकती कुणी बसवली?"
"सांडूनं."
इतक्या पटकन बोललो.

१६, गुरुवार
विशाखाला दवाखान्यातून आणताना निशा दुकानात जाऊन सांडूला नाही नाही ते बोलून आली. सगळ्यांसमोर. तो काय म्हणाला, विचारलं. "काही नाही. पोरगी बरी हाय का, एवढंच."


१९, रविवार
दुकानात कुणी नाही बघून सायकल घेऊन गेलो. सांडूनं चकती काढली, भोकांवरून बोट फिरवलं.
"मिस्त्री, मी तुमचं नाव घेतलं."
"व्हय. वहिनी आल्या तवाच समजलं."
"मग गप्प का बसलात?"
"पोरगी बाहेर रिक्षात व्हती, साहेब. तिच्यादेखत तिच्या बापाला खोटं पाडू का?" मग माप घेत म्हणाला, "घरी तुम्हीच सांगा."
घरी आलो. चहा घेतला. सांगितलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
प्लास्टर निघालं. हात किती बारीक झालाय तिचा.
दुपारी दोघींना सगळं सांगितलं. निशानं चप्पल घातली आणि सांडूच्या दुकानाकडं निघून गेली.
विशाखा म्हणाली, "मला माहीत होतं, पप्पा. पडले तेव्हाच घासलेली भोकं दिसली. सांडूकाका असं काम करत नाहीत."
"मला म्हणाली नाहीस."
"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. मागच्या आठवड्यात वाट बघणं सोडून दिलं."