पेशींना पक्का रंग

५ जानेवारी, सोमवार
अरिबा डबा विसरली. (मीच पिशवीतून काढून ठेवला होता. पोरीची लॅब बघायची होती.) मशीनमधून तिने जिवंत पेशी दाखवल्या. पेशीच्या पोटात डीएनए. त्याला रंग दिला की अंधारात चमकतो. चमकतो कसला! दहा वेळा धुतलेल्या दुपट्ट्यासारखा फिका. म्हटलं, बेटा, भद्रकालीतल्या दुकानात बसून तुझ्या बापाने अर्ध्या नाशिकचे दुपट्टे रंगवलेत. तर म्हणे, अब्बा, रंग जास्त झाला तर पेशी मरते.
आमचे आळशी कारागीरही हेच म्हणतात. कापड मरतं म्हणे.
संकल्प: तिच्या कामात बोलायचं नाही.

७ जानेवारी, सकाळी
बोललो. सोमवारी मोठे सर येणार. त्यांच्यासमोर पेशीची दोन शकलं होताना दिसली, तर अरिबाला पीएचडीची जागा. आणि पोरगी फिका माल दाखवायला निघालीय! बायको, खातून, म्हणाली, अजी, तुम्ही दुकान बघा. तिला सायन्सचं काय कळतं? मी निदान यूट्यूब बघतो.

१० जानेवारी
उपाय सापडला. म्हणजे होताच. गरम पाणी, मीठ, थोडं व्हिनेगर. आमच्या दुपट्ट्याचा रंग उतरलेला कुणी दाखवावा. अरिबाला विचारलं नाही. सरप्राइज.

१२ जानेवारी, दुपारी
अरिबाला बाइकवर सोडलं. तिने बाहेर बाकावर बसायला सांगितलं नि सरांना आणायला गेटवर गेली. बसलो. मग उठून आत गेलो. थर्मासमधलं मीठपाणी पेशींच्या बशीत ओतलं, वरून तिच्याच बाटलीतला रंग, सढळ हाताने. मशीनमध्ये डोळा लावला. माशाअल्लाह! ईदच्या चाँदरातीचा बाजार!

तीच तारीख, संध्याकाळी
सरांनी बराच वेळ बघितलं. मी मान जरा झुकवून ठेवली होती. कौतुक घ्यायला बरं पडतं.
सर म्हणाले, एकही जिवंत नाही. जिवंत पेशी रंग मोजकाच आत घेते. मेली की कुणीही शिरतं.
मी म्हणालो, पण बसलाय पक्का, की नाही?
सरांनी अरिबाला विचारलं, हे कोण?
ती बशीकडेच बघत होती. म्हणाली, दुपट्टेवाले आहेत. दार चुकलेत.
मी मान हलवली. जिना कुठे आहे, तेही विचारलं.