इलूच्या रोवण्याची परतफेड

मी, रुख्मा केवळराम कापगते, वय बहात्तर, राहणार सौंदड, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया, कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र सांगते. डोकं ठिकाणावर आहे, छातीच तेवढी साथ देत नाही. हात कापतो म्हणून माझा मुलगा प्रफुल लिहितो आहे. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला वाटा मिळणार त्याच्याकडून लिहून घेऊ नका. मी म्हटलं, त्याच्याकडूनच घ्यायचं आहे. का, ते पुढे कळेल.

१. राहतं घर आणि तलावाखालची धानाची बांधी प्रफुलला. मुर्रीला दिलेली लेक मंजू हिला माझ्या गळ्यातली एकदाणी आणि पाण्याचा पितळी गुंड. दिवाळीला ती येत नाही, तरी देते. हेही लिही.

२. परसातली खोली पाडू नये. ती इलूची खोली. इल्दिको तिचं नाव, हंगेरी देशाची. तिथल्या सरकारचं एक कार्यालय आहे, ते आपली पोरं शिकायला परदेशी पाठवतं आणि इतरांची तिकडे बोलावतं. आम्हा कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव अजून कसे टिकले, हे पाहायला ती आली. आधी कागद आला: मुलीला वेगळी खोली, पंखा आणि बसायचा संडास हवा. हे म्हणाले, "अवं, राणी येऊन राहिली का?" पण म्हैस विकून संडास बांधला.

पहिल्या दिवशी इलू रबरी बूट घालून बांधीत उतरली आणि रुतून बसली. मग बूट काढले आणि अनवाणी चिखलात धानाची रोपं लावायला, रोवणा करायला शिकली. "माय, काऊन हासतेस?" असं आमच्याच बोलीत विचारायची. वर्षभरानं स्टेशनवर तिची गाडी हलली तेव्हा मी भर फलाटावर रडले. अजून फार आठवण येते पोरीची.

३. त्या संडासाला शेजारचा गुलाबचंद सिंहासन म्हणून हसला होता. आता गुडघे दुखतात तर रोज सकाळी तोच दारात उभा. त्याला तो जन्मभर वापरू द्यावा. पण हसला होता, हे त्याला वाचून दाखवावं.

४. माझी नात आचल, प्रफुलची मुलगी, हिला त्याच कार्यालयानं हंगेरीला शिकायला निवडलं आहे. पोळ्यानंतर तिला निघायचं आहे. प्रफुल म्हणतो, "पोरीच्या जातीनं येवढ्या दूर कायले जावं?" लिही बाबू, तुझेच शब्द आहेत. अरे, शेजारीण आज आपल्या रोवण्याला वाकली तर उद्या आपण तिच्या बांधीत जातो की नाही? कोण्या मायनं आपली लेक माझ्या भरवशावर धाडली होती. तिलाही रात्री झोप लागली नसेल. ती परतफेड राहिली आहे. आचलनं जावं. इलूचे बूट माळ्यावर आहेत, ते सोबत न्यावेत आणि तिचे तिला द्यावेत.

५. आचल निघण्याआधी मी मेले, तर घरात सुतक आहे, वर्ष पाळायचं आहे, असं म्हणून तू तिला थांबवशील. मी तुला ओळखते. तसं करायचं नाही. ती तिकडे असताना मेले, तर परत बोलवायचं नाही. तेरवीला तिच्या नावानं पान वाढावं आणि गाईला घालावं. माझं मरण तिच्या वाटेत आडवं आलं, तर मला सुख नाही. थांबलास काऊन, प्रफुल? लिही.

हे सर्व वाचून घेतलं, बरोबर आहे.

सही: रुख्मा केवळराम कापगते
स्थळ: सौंदड. दिनांक: १९ जुलै २०२५

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली:
१. शालीकराम डोंगरवार, निवृत्त पोस्टमास्तर
२. सुलोचनाबाई लांजेवार, शेजारीण

लिहिणार: प्रफुल केवळराम कापगते. आईनं सांगितलं तसंच लिहिलं. पुढची ओळ तिनं सांगितलेली नाही, माझी आहे. आचलला नागपूरच्या विमानतळावर मी स्वतः नेऊन सोडीन. बूट माळ्यावरून काढले, धुऊन उन्हात ठेवले आहेत.