हेराल्डसाठी कॅमशाफ्ट

रविवार, २२ नोव्हेंबर १९९८. संध्याकाळ.

आपल्या जुन्या हेराल्ड मोटारीच्या इंजिननं जरा जोर धरावा म्हणून आज राजारामपुरीत रेसच्या गाडीचा वापरलेला कॅमशाफ्ट, इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा, बघायला गेलो. विकणारे गृहस्थ एकेकाळी स्वतः शर्यतीत गाडी पळवायचे. सोबत आमची लेक वैशाली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली. मी शाफ्ट उजेडात फिरवून बघितला. चकचकीत! "घेतला," म्हणून मोकळा झालो.

वैशालीनं मात्र शाफ्टच्या एकेका उंचवट्यावरून नख फिरवलं. तिसऱ्यावर थांबली. "आबा, हितं झिजलाय. नख अडकतंय."

मी फिरवलं. अडकलं की! तीस वर्षं लेथवर काढली, आणि मला कळू नये? हौसेपायी माणूस इतका आंधळा होतो? ते नख काही डोक्यातून जाईना.

गृहस्थांनी चष्मा लावून बघितलं. मला वाटलं, आता भडकणार. तर मोठ्यानं हसले. "पावणं, पोरगी तुमच्या म्होरं गेली की! माझ्याबी ध्यानात आलं न्हवतं." आत गेले आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेला दुसरा शाफ्ट घेऊन आले. स्वतःच्या गाडीसाठी जपलेला. माझ्याकडं न बघता तिच्या हातात दिला. "बघ बाई, ह्यो पास हाय का?"

तिनं तोही नीट तपासला, मगच मान हलवली.

परतताना स्कूटरवर मागून विचारते, "मधेच बोलले म्हणून रागावलासा व्हय?"

"न्हाय," म्हणालो.

हेराल्डचं इंजिन आजवर मी कुणाला उघडू दिलेलं नाही. उद्या पाना तिच्या हातात. मी उजेडाला बॅटरी धरून उभा राहीन.