शेवटचं चित्र

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचे. घर मनासारखं आहे. दोन खोल्या, भरपूर उजेड, आणि ओट्याशी उभं राहिलं की समोरच्या दुकानाची पाटी दिसते: 'गाद्या व उशा मिळतील.' बायको म्हणाली, चला, निदान झोप तरी चांगली लागेल. तिला इथल्या चष्म्याच्या दुकानात लगेच काम मिळालं. लोकांच्या नाकावर चष्मे बसवून बघणं हा तिचा पेशा, त्यामुळे चेहरा दिसला की तिची नजर तिथेच अडकते. घर दाखवायला आलेल्या एजंटाला तिने किल्ली घेता घेता सांगून टाकलं की त्याचा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे. तो बिचारा जिना उतरेपर्यंत कान चाचपत होता.

उद्यापासून मीही कामावर. इतकी वर्षं पुस्तकांसाठी हाताने चित्रं काढली. आता प्रकाशकांना चित्रं यंत्र काढून देतं, म्हणून यंत्राच्याच दारी आलो आहे. पण मन प्रसन्न आहे. मोठ्या मनाने यंत्राला दोन गोष्टी शिकवाव्यात म्हणतो.

४ मार्च, मंगळवार

यंत्राला काय शिकवणार, कप्पाळ!

स्टुडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. चार कॉम्प्युटर, कुंडीत वाळून गेलेलं झाड, आणि कॉफीचं मशीन, ज्यातून फक्त गरम पाणी येतं. मालक दर वाक्यात 'व्हिजन' म्हणतो, म्हणून मी त्याचं नावच व्हिजन ठेवलं. शेजारी सूचनाबाई बसतात. यंत्राला काय हवं ते लिहून कळवणं हे त्यांचं काम. 'प्रसन्न स्त्री, मऊ प्रकाश, केस वाऱ्यावर.' याला त्या लेखन म्हणतात, आणि म्हणताना लाजतही नाहीत.

पद्धत अशी. आधी यंत्राकडून एक चित्र काढून घ्यायचं: स्त्री दारात उभी. मग दुसरं: तीच स्त्री गादीवर बसलेली. दोन्ही यंत्राला द्यायची. मधलं चालणं-वळणं-बसणं ते आपल्या मनाने भरतं आणि हलतं चित्र तयार. झाली जाहिरात. गिऱ्हाईक टाळ्या वाजवतं.

माझं काम बोटं मोजण्याचं. यंत्राला हात जमत नाहीत, मधूनच सहावं बोट उगवतं. पाट्यांवरची अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय. माणूस खांबामागून गेला की पलीकडून भलताच कोणी बाहेर पडतो. हे सगळं टिपून मी सांगायचं. आयुष्यभर चित्रकला केल्याचं चीज झालं म्हणायचं.

सूचनाबाईंनी एक गोष्ट मात्र दोनदा बजावली. शेवटचं चित्र दिल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. ते नसलं की यंत्र थांबत नाही, आणि कुठे जायचं हे तेच ठरवतं. माझ्या आधीच्या माणसाने स्वतःचा जिना चढतानाचा फोटो दिला होता, शेवटचं चित्र न देता. मी विचारलं, मग तो गेला कुठे? त्या म्हणाल्या, गेला कुठे, आहे की. आणि पुन्हा केस वाऱ्यावर सोडायला बसल्या.

७ मार्च, शुक्रवार

आज जरा गंमत केली. जेवणाच्या सुट्टीत व्हिजन सांगत होता की लवकरच चित्रकारांची गरजच उरणार नाही. मी म्हटलं, बघूच. बायकोने काढलेला माझा फोटो होता, टेबलाशी पेन्सिल घेऊन बसलेला. तो यंत्राला दिला. शेवटचं चित्र मुद्दाम दिलं नाही. कुठे थांबायचं हे चित्रकाराच्या हाताला कळतं. यंत्राला कळत नसेल तर त्याची अक्कल सगळ्यांना दिसू दे.

दिसलीच. पडद्यावरच्या 'मी'ने पेन्सिल उचलली, ती सहा बोटांनी. सगळ्यांना बोलावून दाखवलं. व्हिजनही हसला, जरा कसनुसा. सूचनाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, शेवटचं चित्र कुठलं दिलं? मी म्हटलं, बाई, गमतीला शेवट लागत नाही.

१० मार्च, सोमवार

ते अजून चालूच आहे. शनिवार-रविवार स्टुडिओ बंद होता तरी. पडद्यावरचा मी टेबलावरून उठला, चपला घातल्या, रस्त्याने निघाला. चालणं अगदी माझं, ते मान्य करायला हवं. गादीवाल्याच्या पाटीवर मात्र अक्षरांचा चिवडा. मग घर आलं, दार उघडलं, आणि दारात एक बाई. आता यंत्राकडे बायकोचा फोटो नाही. त्याने आपली अंदाजाने एक उभी केली. मऊ प्रकाश, केस वाऱ्यावर. घरात वारा कुठला, मूर्खा?

मोबाइलवर उतरवून बायकोला दाखवलं. ती आधी हसली, मग नाकाकडे बघून वैतागली. म्हणाली, हे नाक असलं तर त्यावर चष्मा टिकायचा नाही. मग म्हणाली, लग्नापासून सांगतेय, माझं एक चित्र काढ. शेवटी यंत्रानेच काढलं. मी म्हटलं, तुझं काय काढायचं, रोज तर दिसतेस.

१३ मार्च, गुरुवार

समोरच्या गादीवाल्याने पाटी नवी रंगवून घेतलेली दिसते. कुठल्या गाढवाकडून, देव जाणे. एक अक्षर लागत नाही. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, चष्मा देऊ का तुला?

स्टुडिओच्या जिन्यात एक माणूस नेहमी भेटतो. मी वर जाताना तो वर जात असतो, मी उतरताना तो वरच जात असतो. आज नमस्कार केला. त्याने कठड्यावरचा हात उचलला नाही. इथल्या लोकांना शिष्टाचार म्हणून नाही.

१५ मार्च, शनिवार

बायकोचा चष्मा सारखा घसरतोय. तिचा स्वतःचा, तिने स्वतः बसवलेला. आज जेवताना तो थेट ताटात पडला. मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात काम करतेस, स्क्रू पिळून घे. ती म्हणाली, स्क्रू घट्ट आहे. नाक सैल झालंय.

मी खूप हसलो. ती हसली नाही.

१७ मार्च, सोमवार

हे नीट लिहून ठेवतो. मला भास होत नाहीत. मी बोटं मोजणारा माणूस आहे.

सकाळी बायकोने फ्रिज उघडला. दाराआड वाकली आणि दूध घेऊन उभी राहिली. उभी राहिली ती दुसरी होती. हनुवटी वेगळी, भांग वेगळा, साडी तीच. साखर घालू का, असं तिने विचारलं, आणि आवाज तिचाच होता. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग ती भिंतीआड गेली आणि परत आली तेव्हा आणखी तिसरी.

केस हलत होते. खिडकी बंद होती.

१८ मार्च, मंगळवार

स्टुडिओत गेलो आणि कॉम्प्युटरची पिनच उपटली. व्हिजन ओरडला. पडदा काळा झाला, पण मोबाइलमध्ये ते चालूच होतं. पडद्यावरचा मी पिन उपटत होता, आणि ती त्याने माझ्याआधी उपटली होती.

सूचनाबाईंना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही, याचा मला भयंकर राग आला. त्या म्हणाल्या, थांबवायचा एकच मार्ग आहे, शेवटचं चित्र द्या. त्यात जे असेल तिथे ते थांबेल, आणि मग तसंच राहील. बायकोचा चांगला फोटो शोधा. जिन्यातल्या माणसाला असा फोटो देणारं कोणी नव्हतं.

मोबाइलमधले फोटो काढले. आमच्या लग्नाचे, सहलीचे, मागच्या महिन्यातले. प्रत्येकात माझ्या शेजारी निराळी बाई. सगळ्या प्रसन्न.

१९ मार्च, बुधवार

फोटो नसेना का. मी चित्रकार आहे. आठवणीतून काढेन.

२० मार्च, गुरुवार

येत नाही.

एजंटाचा कान आला, डावा, खाली असलेला. व्हिजनचं कसनुसं हसू आलं. गादीवाल्याची जुनी पाटी वळणासकट आली. ज्यांची ज्यांची चेष्टा केली ते सगळे पेन्सिलीच्या टोकावर हजर. आणि तिच्या जागी नुसता गोल. भांग कुठल्या बाजूला होता? तीळ होता का? असं कसं मला माहीत नाही? मला लाज वाटते आणि भीती वाटते. दोन्ही एकदम.

तिला समोर बसवलं. कागदाकडे बघून मान वर केली की दुसरी. तरी बसून राहिली बिचारी. म्हणाली, बघायला लागलास एकदाचा.

मग आपणच सांगू लागली, दुकानातल्यासारखं: नाकाचा दांडा रुंद, डोळ्यांमधलं अंतर कमी, डावी भुवई... आणि थांबली. मला विचारलं की ती हे कोणाचं सांगत होती.

२१ मार्च, शुक्रवार

आवाज अजून तिचा आहे. तेवढाच. मी सारखं काहीतरी विचारत राहतो, म्हणजे ती बोलेल. साखर कुठे आहे. किल्ली कुठे आहे. ती म्हणते, तुझ्या हातातच आहे—

माझ्या हाताकडे बघवत नाही.

२२ मार्च, शनिवार, सकाळी

सुचलं!

चेहरा काढायचाच नाही. हात काढायचा. तिचा हात मला पाठ आहे. आखूड नखं, बारीक स्क्रू पिळून अंगठ्याला पडलेला घट्टा, करंगळी जराशी वाकडी. हे तिने कधी दाखवलं नव्हतं, खांद्यावर ठेवायची तेव्हा डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायचं. चित्र असं: मी टेबलाशी बसलोय, ती मागे उभी, हात माझ्या खांद्यावर. चेहरा चित्राच्या वर, कागदाबाहेर. पुस्तकांच्या घाईत ही युक्ती कितीदा केली आहे. यंत्राच्या बापाला कळायचं नाही.

हात उत्तम आला. पाच बोटं. तीनदा मोजली. मोबाइलवरूनच यंत्राला देऊन टाकलं.

दुपारी

समोरची पाटी वाचता आली. 'गाद्या व उशा मिळतील.' ओट्याशी उभा राहून लहान मुलासारखी मोठ्याने वाचली. माझी बोटं पाच. जिंकलो. सोमवारी व्हिजनच्या टेबलावर राजीनामा, आणि सूचनाबाईंना एक मोठा नमस्कार.

ती दुकानातून यायची आहे. आली की पहिल्यांदा समोर बसवून तिचं चित्र काढणार. खरंखुरं, चेहऱ्याचं.

नंतर

दार वाजलं. ती आली. चपला काढल्याचा आवाज. काहीतरी बोलली, पण—

उठता येत नाही. टेबलाशी बसलोय, पेन्सिल हातात. चित्रात होतं तसा. मान वळत नाही. चित्रात मान सरळ आहे. फक्त पेन्सिल हलते, तीही थोडी—

चेहरा मी दिलाच नाही. सूचनाबाई म्हणाल्या होत्या, तसंच राहील. जे कागदाबाहेर ठेवलं ते—

ती मागे उभी आहे. हाक मारली तर उत्तर नाही. उत्तर द्यायला तिला तोंड—

नाही, ते लिहायचं नाही.

खांद्यावर हात ठेवला. कोपऱ्यातून दिसतो. नखं आखूड. करंगळी वाकडी. तिचाच आहे. तिचाच असणार, मी काढलाय. मोजतो म्हणजे झालं. एक. दोन. तीन. चार. पाच—