राणीचा गिअर आणि कुकरची शिट्टी

शनिवार, २ ऑगस्ट. हॅमिल्टन.
आजपासून रोज लिहायचं. गाडीच्या कामाचं रेकॉर्ड राहावं म्हणून.
राणीचा गिअर लिव्हर सैल झालाय. राणी म्हणजे माझी शहात्तर सालची ऑटोमॅटिक गाडी. लिव्हर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे आणि सध्या कुठेही नेला तरी हरकत घेत नाही. 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, ठेवून किल्ली फिरवली तर ढिम्म. 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर, आणून जरा दाबून धरला की सुरू. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते, ती सैल झाली असणार. किरकोळ काम. मेकॅनिककडे न्यायची नाही. 'ते रापा' नावाच्या उपनगरातल्या डेअरी फॅक्टरीत दुधाची अख्खी लाइन माझ्या भरवशावर चालते. मी ऑटोमेशन इंजिनीयर आहे.
संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाची गणपतीसाठी मीटिंग. अध्यक्ष दीनानाथराव म्हणाले, यंदा त्यांच्या घरून हॉलपर्यंत बाप्पा व्हॅनमधून नको, काहीतरी शोभेलसं हवं. मी हात वर केला. टाळ्या पडल्या.
घरी स्नेहलताने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. इथे ऑगस्टात ऐन हिवाळा. गॅरेजमध्ये राणी असते, त्यामुळे रोज सकाळी ड्यूटीला निघताना ती स्वतःच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडते. बोटं बधिर होतात म्हणाली. तिची अट: गणपतीला राणी धड चालली तर गॅरेज राणीचं. नाही तर राणी बाहेर, तिची गाडी आत. मी लगेच मान्य केलं. हरणार बिचारी.

रविवार, ३ ऑगस्ट
गाडीखाली गेलो. निदान अचूक. केबलच्या टोकाला प्लॅस्टिकचा एक छोटा बुश असतो, त्याचा भुगा झालाय. त्यामुळे केबल गिअरबॉक्सच्या दांडीवर नुसती लटकते आहे.
सिद्धी, आमची कन्या, फोनवरून मान न उचलता म्हणाली, "डॅड, जस्ट ऑर्डर द पार्ट." मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. ऑस्ट्रेलियाहून यायला फार वेळ लागेल. शिवाय ऑर्डर काय, कोणीही करतं.

शनिवार, ९ ऑगस्ट
मधले दिवस लिहिलं नाही. विचार चालू होता.
आज तोडगा सापडला. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये कुकरची नवी रिंग होती. सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेली स्पेअर. रबर काय दर्जेदार! अंगठ्याएवढा तुकडा कापला, भोक पाडलं, केबलच्या टोकाला बसवला. जणू त्यासाठीच बनवला होता. रिंगची उरलेली टोकं सुपरग्लूने जोडून पाकिटात परत ठेवली. ओळखूसुद्धा येत नाही.
स्नेहलताला सांगितलं नाही. तिला टेक्निकल गोष्टींचा कंटाळा येतो.

गुरुवार, १४ ऑगस्ट
जुनी रिंग आजच जायची होती! स्नेहलताने नवी लावली. कुकर नुसता कडेने फुसफुसला. शिट्टी नाही. डाळ दाताखाली कचकच.
मी म्हटलं, या देशात डाळ जुनी मिळते. ती म्हणाली, डाळ नेहमीचीच, सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातली. मग तिने पुण्याला फोन लावला आणि आईने डुप्लिकेट रिंग पाठवली यावर दोघींचं वाजलं.
मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो. तिथे शांत असतं.

शनिवार, १६ ऑगस्ट
केबल ॲडजस्ट केली. पद्धत सोपी: आत लिव्हर 'पी'वर, खाली गिअरबॉक्सची दांडीही 'पी'च्या खाचेत, मग नट आवळायचा. सिद्धीला सीटवर बसवून लिव्हर धरायला सांगितलं. ती दोनदा म्हणाली की मी 'पी'मध्येच आहे, तू आहेस का? प्रश्नातला सूर मला आवडला नाही. नट आवळला.

रविवार, १७ ऑगस्ट
छोटीशी गंमत झाली. 'एन' टाकला आणि राणी पुढे गेली. रिसायकलिंगचा डबा आडवा.
खाली मी एक खाच चुकलो असेन. म्हणजे लिव्हर 'पी' दाखवतो तेव्हा गाडी रिव्हर्समध्ये, 'आर' दाखवतो तेव्हा न्यूट्रल, 'एन' म्हणजे ड्राइव्ह. पण महत्त्वाची गोष्ट अशी की चूक दर वेळी तेवढीच होते. आमच्या फॅक्टरीत सेन्सर कायम तेवढाच चुकत असेल तर त्याला बिघाड म्हणत नाहीत, ऑफसेट म्हणतात. तो लिहून ठेवायचा आणि पुढे जायचं.
त्यामुळे परत गाडीखाली जायची गरज नाही. (फरशी फार गार आहे.) लेबल मशीनने नवी अक्षरं छापून जुन्यांवर चिकटवली. पार्किंग तेवढं उरलं नाही. त्याची जागा चाकाखालच्या विटेने घेतली.
सासूबाईंचा फोन. तुळशीबागेत जाऊन त्या रिंगवाल्याशी भांडून आल्या. त्याने शपथ घेतली की माल ओरिजिनल आहे. मला फार वाईट वाटलं. खरं बोलत होता बिचारा.

रविवार, २४ ऑगस्ट
ट्रायल रन. ब्लॉकभोवती एक फेरी, उत्तम. 'डी'ला जरा जोर लावावा लागतो. रबर सेट होतंय.
स्नेहलताने विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, हंड्रेड पर्सेंट. डाळ आजही कचकचीत. मी दोनदा वाढून घेतली. प्रेमापोटी.

बुधवार, २७ ऑगस्ट
आज खरी चतुर्थी. पण मंडळाची स्थापना शनिवारी, कारण आज सगळ्यांना ऑफिस. राणीला पॉलिश केलं. बॉनेटला झेंडूचे प्लॅस्टिकचे हार.

शनिवार, ३० ऑगस्ट. संध्याकाळ.
जे झालं ते क्रमाने लिहितो. उगाच अफवा नकोत.
सकाळी दीनानाथरावांच्या ड्राइव्हवेत राणी उभी. सगळे फोटो काढत होते. आणताना मूर्तीचं तोंड आणणाऱ्याकडे असावं, म्हणून दीनानाथराव माझ्या शेजारी आणि त्यांच्या मांडीवर बाप्पा, तोंड त्यांच्याकडे. पुढे रस्त्यावर ढोल, मागे आरतीचं ताट घेऊन बायका, त्यांत स्नेहलता.
राणी पहिल्या किल्लीला सुरू झाली. रिव्हर्स घेऊन रस्त्यावर आलो. मग 'डी' लेबलवर लिव्हर ओढला. गाडीखाली टप्प असा आवाज झाला आणि लिव्हर हातात पोकळ लागायला लागला. ब्रेक सोडला तर राणी मागेच.
रिव्हर्समध्ये अडकली होती. इंजिन बंद करावं तर पुन्हा सुरू होणार नाही, कारण ती रिव्हर्समध्ये असताना किल्ली घेत नाही. दीनानाथरावांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "शशिकांत, हॉल तिकडे आहे ना?"
होता. पण त्यांचा रस्ता क्रेसेंट आहे, अर्धगोल. दोन्ही टोकं मोठ्या रस्त्याला एकाच फुटपाथवर निघतात आणि हॉल त्या दोन टोकांच्या मधोमध आहे. म्हणजे उलट्या बाजूनेही हॉल येतोच. मी हजार्ड लाइट लावले आणि निघालो. मागच्या बायका एकदम पुढे आल्या, त्या बाजूला झाल्या. पुढचे ढोलवाले मागे पडले, ते धावत वळसा घालून आले. एक किवी आजोबा गेटवर उभे होते. त्यांनी "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, म्हणून अंगठा दाखवला. शेवटच्या वळणावर मोठ्या रस्त्याची ट्रॅफिक थांबवायला मंडळाचे दोघे हात पसरून उभे राहिले. माझी मान आखडली होती, मागची काच धुरकट होती. आम्हा तिघांत प्रवासाच्या दिशेने नीट बघणारे एकटे बाप्पा होते.
पोचलो. ओरखडा नाही. मी जाहीर केलं की मुद्दाम प्रदक्षिणा घातली. काहींनी नमस्कारही केला. हे यशच आहे.
आरती झाली. प्रसाद वाटताना स्नेहलताने माझ्या तळहातावर मोदक ठेवला आणि शेजारी एक काळा रबराचा तुकडा. ड्राइव्हवेच्या तोंडाशी सापडला म्हणाली. त्यावर कुकर कंपनीच्या नावाची अर्धी अक्षरं स्पष्ट दिसत होती.
"आईला फोन तू करायचास," ती म्हणाली. "आणि त्या दुकानदारालाही."
चिडली असती तर बरं झालं असतं.
राणी टो ट्रकवरून घरी आली. तोंड पुढे ठेवायची विनंती केली होती. ड्रायव्हर म्हणाला, तशी चढत नाही.

रविवार, ३१ ऑगस्ट
बुश ऑर्डर केला. सिद्धीने लिंक पाठवली. ती ३ ऑगस्टपासून तिच्या फोनवर उघडी होती म्हणे.
सासूबाईंना फोन केला. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. तुळशीबागेतला दुकानदार मात्र खूप बोलला.
स्नेहलताची गाडी गॅरेजमध्ये आहे. आज तिची सकाळची ड्यूटी होती. कोरडी गाडी काढली, हीटर लावला, गेली. राणी बाहेर, चाकाखाली वीट. काचेवर बर्फाचा जाड थर होता. म्हटलं, शहात्तर सालच्या काचेला असं ठेवणं बरं नव्हे, म्हणून स्क्रेपर घेऊन खरवडायला लागलो. अर्धी काच होईपर्यंत बोटांना काही कळेनासं झालं. तोवर आधी खरवडलेला भाग परत गोठत होता.
एवढा बर्फ साचत असेल तर तिने सांगायला हवं होतं.
मागची पानं चाळली. सांगितलं होतं. २ ऑगस्ट. माझ्याच अक्षरात आहे.
संध्याकाळी डाळ मी करणार आहे. पातेल्यात. शिजेपर्यंत तिथून हलायचं नाही, असं ती निघताना सांगून गेली आहे.